होकायंत्राची सुई उत्तरेकडे का वळते? : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत होकायंत्राविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी पुणे परिसरातील वाचकांनी विचारलेले पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण त्याचे उत्तर नीट ध्यानात आले की पुढच्या चार प्रश्नांचा निम्मा उलगडा आपोआप होतो.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. चुंबकाचे विजातीय ध्रुव एकमेकांना आकर्षित करतात, म्हणून होकायंत्राची सुई उत्तरेकडे वळते, असे मी तिला सांगितले. त्यावर तिने विचारले, ‘फ्रिजवरचे चुंबक वीतभर अंतरावरची टाचणीसुद्धा ओढू शकत नाही, मग हजारो किलोमीटर लांबच्या उत्तर ध्रुवावरचे चुंबक पुण्यातली सुई कशी ओढते?’ मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपल्या मुलीची शंका अगदी रास्त आहे आणि ती तिने आठवीतच विचारली याचे कौतुक करावेसे वाटते. पुण्यापासून भौगोलिक उत्तर ध्रुव सुमारे ७,९०० किलोमीटर दूर आहे. तेथे एखादे प्रचंड चुंबक पुरलेले असते, तरी त्याने येथली सुई ओढणे अवघडच होते. वस्तुस्थिती अशी आहे की सुई उत्तरेकडे ओढली जातच नाही, ती केवळ वळते. या दोन क्रियांमधला फरक हाच होकायंत्राचा गाभा आहे.

हा फरक घरी पाहता येतो. शिवणाची सुई लोहचुंबकाच्या एकाच टोकाने, एकाच दिशेने, पंचवीस-तीस वेळा घासावी. मग प्लास्टिकच्या टबात पाणी घेऊन, बुचाच्या पातळ चकतीवर आडवी ठेवून ती पाण्यावर सोडावी. पंखा बंद असावा आणि जवळपास लोखंडी वस्तू नसावी. चकती सावकाश फिरते, सुई उत्तर-दक्षिण होते आणि तेथेच थांबते. टबाच्या उत्तरेकडच्या काठाकडे ती सरकत जात नाही. लंडनमध्ये होकायंत्रे बनवणारे रॉबर्ट नॉर्मन यांनी ही गोष्ट १५८१ सालीच नोंदवून ठेवली होती, आणि सुईला कोठूनही ओढ बसत नाही, ती केवळ दिशा धरते, हा निष्कर्षही काढला होता.

याचे कारण असे. सुईच्या एका टोकावर उत्तरेच्या दिशेने जेवढे बल लागते, तेवढेच बल दुसऱ्या टोकावर दक्षिणेच्या दिशेने लागते. दोन्ही बले समान आणि विरुद्ध असल्यामुळे सुईला एका बाजूला नेणारे असे काही शिल्लक राहत नाही. परंतु ती दोन वेगळ्या टोकांवर लागत असल्याने, सुई आडवी असेल तर तिला फिरवतात, आणि ती पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या, म्हणजे तिच्या चुंबकीय प्रभावाच्या, दिशेत आली की फिरवणेही थांबते. फ्रिजवरच्या चुंबकाजवळचे क्षेत्र अंतराप्रमाणे झपाट्याने कमी होते, त्यामुळे टाचणीच्या जवळच्या टोकाला जास्त आणि दूरच्या टोकाला कमी बल लागते आणि ती झेप घेते. पृथ्वीचे क्षेत्र मात्र सुईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ एकसारखेच असते. पुण्यात त्याची तीव्रता सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला आहे, म्हणजे फ्रिजवरच्या साध्या चुंबकाच्या पृष्ठभागाजवळ जेवढी असते तिच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. एवढ्या क्षीण क्षेत्राला सुई फिरवता यावी म्हणूनच होकायंत्रात ती टोकदार कीलकावर, कमीत कमी घर्षण होईल अशी, तोलून बसवलेली असते. चांगल्या होकायंत्रात ती द्रवात ठेवतात, जेणेकरून ती बराच वेळ हेलकावत न राहता लवकर स्थिरावते.

म्हणून मुलीला असे सांगावे : पुण्यातल्या सुईला दूरचा ध्रुव ‘ठाऊक’ नसतो. ती जेथे आहे त्याच जागी असलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत ती उभी राहते, आणि ते क्षेत्र साधारण उत्तर-दक्षिण असते म्हणून तीही तशी राहते.

आता ते क्षेत्र येते कोठून, हे पाहू. इंग्लंडमधील वैद्य विल्यम गिल्बर्ट यांनी नैसर्गिक चुंबकाश्माचा गोल घडवला, त्याच्या पृष्ठभागावर छोट्या सुया ठिकठिकाणी ठेवून त्या कशा वळतात हे तपासले, आणि पृथ्वी स्वतःच एक मोठे चुंबक आहे असे १६०० साली मांडले. त्याआधी सुईला वळवणारे काहीतरी आकाशात असावे, किंवा उत्तरेला चुंबकाचा डोंगर असावा, असे समज प्रचलित होते. गिल्बर्ट यांचा निष्कर्ष बरोबर ठरला, पण पृथ्वीच्या पोटात कायमचे चुंबक असणे शक्य नाही. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्याचे कायमचे चुंबकत्व नाहीसे होते, आणि भूपृष्ठाखाली काही दशक किलोमीटर गेल्यावरच तापमान या मर्यादेच्या पुढे जाते.

खरा उगम त्याहून खूप खोल आहे. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपासून सुमारे ५,१५० किलोमीटरपर्यंत पृथ्वीचा बाह्य गाभा आहे. तो वितळलेल्या लोखंडाचा आणि निकेलचा असून विजेचा सुवाहक आहे. त्याच्या आत, प्रचंड दाबामुळे घट्ट राहिलेला, अंतर्गाभा आहे. डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान यांनी भूकंपलहरींच्या अभ्यासातून त्याचे अस्तित्व १९३६ साली दाखवून दिले. गाभ्यातील उष्णता बाहेर पडत असते, अंतर्गाभ्यावर लोखंड थोडे थोडे गोठत असते आणि गोठताना हलकी मूलद्रव्ये मागे सोडत असते. या दोन्हींमुळे बाह्य गाभ्यातला द्रव सतत वर-खाली घुसळला जातो, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे त्या प्रवाहांना अक्षाभोवतीचा पीळ मिळतो. चुंबकीय क्षेत्रातून सुवाहक हलला की त्यात वीज निर्माण होते, आणि वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. यांतील दुसरी गोष्ट डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ ऑर्स्टेड यांनी १८२० साली, तारेतून वीज सोडल्यावर शेजारची होकायंत्राची सुई हलते हे पाहून दाखवली होती. सायकलचा डायनॅमो याच पहिल्या तत्त्वावर चालतो, मात्र त्यात आधीपासून बसवलेले चुंबक असते. गाभ्यात तसे काही नाही. तेथे आज असलेले क्षेत्र द्रवाच्या गतीतून वीज निर्माण करते आणि ती वीजच ते क्षेत्र टिकवून धरते. द्रव हलायचा थांबला, तर क्षेत्र काही दहा हजार वर्षांत विरून जाईल.

परिवलनाचा पीळ असल्यामुळेच हे क्षेत्र ढोबळपणे पृथ्वीच्या अक्षाला धरून असते, आणि सुई उत्तर-दक्षिण राहण्याचे मूळ कारण हेच आहे. ‘ढोबळपणे’ म्हणण्याचे कारण, क्षेत्राचा चुंबकीय अक्ष सध्या परिवलनाच्या अक्षाशी सुमारे ९ ते १० अंशांचा कोन करतो. आणखी एक बाब मुलीच्या ध्यानात येईलच, म्हणून सांगून ठेवतो. सुईच्या उत्तरेकडे राहणाऱ्या टोकाला आपण तिचा उत्तर ध्रुव म्हणतो. विजातीय ध्रुवांचा नियम लावला तर आर्क्टिकमध्ये असलेला पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव भौतिकशास्त्राच्या दृष्टीने दक्षिण जातीचा ठरतो, आणि तो तसाच आहे.

प्रश्न : सह्याद्रीतील गडांवर जाताना मी नकाशा आणि होकायंत्र बरोबर ठेवतो. पायथ्याशी दिशा बरोबर मिळते, पण माथ्यावर एखाद्या ठिकाणी सुई दहा-पंधरा अंशांनी वेगळी दिशा दाखवते आणि चार पावले बाजूला गेले की पुन्हा बदलते. नकाशावरची उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांतील फरकामुळे असे होते का? (एक गिर्यारोहक, सिंहगड रस्ता)

उत्तर : नाही. आपण म्हणता त्या फरकाला दिक्पात म्हणतात. तो जगात काही ठिकाणी वीस अंशांच्याही पुढे जातो, परंतु पुण्याच्या आसपास तो सध्या एका अंशापेक्षाही कमी आहे. गडावर नकाशा वाचणाऱ्याने त्याची चिंता करण्याचे कारण नाही. शिवाय दिक्पात चार पावलांत बदलत नाही.

आपल्या सुईला वळवतो आहे तो पायाखालचा कातळ. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, आणि त्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे बारीक कण असतात. बहुतेक ठिकाणी त्यांचा परिणाम सुईला जाणवण्याइतका नसतो. गडांच्या माथ्यावर मात्र वीज पडते. ती जमिनीत शिरताना प्रचंड विद्युतप्रवाह क्षणभर कातळातून जातो आणि त्या जागेभोवतीचा खडक तीव्रपणे चुंबकित होतो. पुढे शेकडो वर्षे तो तसाच राहू शकतो. उघडे सुळके, बुरुजांखालचे कडे आणि माथ्यावरचा सर्वांत उंच भाग या दृष्टीने अधिक संशयास्पद समजावेत. सुई जागच्या क्षेत्राला मान देते, हे वर म्हटले आहेच. त्या जागी पृथ्वीच्या क्षेत्रात खडकाचेही क्षेत्र मिसळलेले असते आणि सुई दोहोंच्या बेरजेची दिशा दाखवते.

यावर सर्वेक्षकांची एक जुनी व खात्रीची युक्ती आहे, जी स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रिझमॅटिक कंपासवर आजही शिकतात. आपण उभे आहात त्या जागेवरून दूरच्या एखाद्या ठिकाणाचा उत्तरेपासूनचा कोन घ्यावा. तो, समजा, ७० अंश आला. मग त्या ठिकाणी जाऊन पहिल्या जागेचा कोन घ्यावा. तो २५० अंश यायला हवा. दोन्हींतला फरक बरोबर १८० अंश आला नाही, तर दोहोंपैकी निदान एका जागी स्थानिक आकर्षण, म्हणजे जवळच्या खडकाचा किंवा लोखंडाचा सुईवर होणारा परिणाम, आहे. माथ्यावर एवढे करायला सवड नसेल, तर होकायंत्र जमिनीवर किंवा तटाच्या दगडावर न ठेवता छातीच्या उंचीवर धरावे आणि दहा-वीस पावलांच्या अंतराने दोन-तीन वेळा पाहावे. खिशातला फोन, बॅटरी आणि लोखंडी कडी हातभर दूर ठेवायला विसरू नये.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण त्याच कातळात याहून मोलाची नोंद आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेला. प्रत्येक थर थंड होताना त्यातले मॅग्नेटाइटचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धरून कायमचे बसले. विजेने बिघडलेला भाग वगळून असे नमुने प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा सह्याद्रीतील थरांचा मोठा भाग उलट दिशेने चुंबकित झालेला आढळला. म्हणजे ते थर तयार झाले त्या काळात होकायंत्र असते, तर त्याच्या सुईचे आजचे उत्तरेचे टोक दक्षिणेकडे वळले असते. त्या कणांच्या झुकावावरून हेही कळले की हा लाव्हा वाहिला तेव्हा भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि नंतर उत्तरेकडे सरकत आला. खंड सरकतात या कल्पनेवर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक भूशास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता. तो बसवणाऱ्या पुराव्यांत दख्खनच्या कातळाचाही वाटा आहे, ही गोष्ट गड चढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : वाकडला एका इमारतीत सदनिका पाहिली. दलालाच्या होकायंत्राने दार पूर्वेला दाखवले, माझ्या फोनने आग्नेयेला, आणि त्याच फोनने बाल्कनीत तिसरेच काही दाखवले. कोणावर विश्वास ठेवावा? (एक वाचक, हिंजवडी)

उत्तर : इमारतीच्या आत तिघांपैकी कोणावरच ठेवू नये. स्लॅब, तुळया आणि खांब यांत पोलादी सळयांचे जाळे असते. त्यात लिफ्ट, खिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी कपाट, सेफ्टी डोअर आणि स्पीकरमधले चुंबक यांची भर पडते. फोनमधला चुंबकीय संवेदक तीन दिशांतले क्षेत्र मोजतो आणि फोन कसा धरला आहे हे दुसऱ्या संवेदकावरून ओळखून दिशा काढतो, पण मोजतो ते जागचेच क्षेत्र. फोनच्या कव्हरला चुंबकाचे बटण असेल तर तो आधीच चुकलेला असतो. हवेत इंग्रजी आठच्या आकारात फोन फिरवला की फोनमधल्या धातूचा परिणाम वजा करता येतो, भिंतीतल्या सळयांचा नाही.

खाली उतरून, इमारतीपासून आणि उभ्या गाड्यांपासून दूर, मोकळ्या जागेत दिशा घ्यावी आणि इमारतीची लांबट भिंत तिच्याशी कोणता कोन करते ते पाहावे. मंजूर नकाशावर उत्तरेचा बाण असतो, त्याच्याशी ती ताडून पाहावी. आणि चुंबकाची मुळीच मदत नको असेल, तर आपल्याकडची शंकूची पद्धत आजही तितकीच चोख आहे. सपाट गच्चीवर उभी काठी रोवून तिच्याभोवती वर्तुळ काढावे, सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करील तेथे आणि दुपारनंतर पुन्हा जेथे स्पर्श करील तेथे खूण करावी. या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. केवळ मध्यान्हीच्या सावलीवरून उत्तर ठरवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते.

प्रश्न : माझ्या मुलाने अमेरिकेतून उत्तम प्रतीचे होकायंत्र पाठवले. येथे त्याची सुई एका बाजूला कलते आणि तळाला घासते. ते प्रवासात बिघडले असावे का? (एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : आपले होकायंत्र बहुधा धडधाकट आहे. पृथ्वीचे क्षेत्र जमिनीला समांतर नसते. आपल्या गोलार्धात ते उत्तरेकडे जाताना जमिनीत झुकते, आणि या झुकावाला नती म्हणतात. पुण्यात नती सुमारे २५ अंश आहे, तर अमेरिकेच्या बऱ्याच भागात ती ६० ते ७० अंश असते. तेथे सुईचे उत्तर टोक खाली ओढले जाऊ नये म्हणून कारखान्यातच दक्षिणेची बाजू किंचित जड करतात. येथे झुकाव बराच कमी असल्याने तेच वजन जास्त होते आणि सुईचे दक्षिण टोक खाली जाते. आपल्या सुईचे कोणते टोक कलते ते पाहावे, म्हणजे खात्री पटेल. होकायंत्र किंचित तिरके धरून सुई मोकळी फिरेल असे केले तर काम चालते, मात्र भारतासाठी तोललेले होकायंत्र घेणे अधिक बरे.

नती शून्य असते ती रेषा, म्हणजे चुंबकीय विषुववृत्त, भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. केरळातील थुंबा येथे अग्निबाण प्रक्षेपण केंद्र उभारण्यामागे हेच कारण होते, आणि तेथून पहिला अग्निबाण २१ नोव्हेंबर १९६३ रोजी सोडण्यात आला.

प्रश्न : चुंबकीय ध्रुव सरकतो आहे असे वाचले. मग होकायंत्रे निरुपयोगी होतील का? सुई कधी दक्षिणेकडे वळेल का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, शिवाजीनगर)

उत्तर : ध्रुव सरकतो हे खरे आहे, कारण गाभ्यातला द्रव स्थिर नाही. ब्रिटिश नौदल अधिकारी जेम्स क्लार्क रॉस १ जून १८३१ रोजी उत्तर चुंबकीय ध्रुवावर पोहोचले, तेव्हा तो कॅनडाच्या उत्तर किनाऱ्याजवळ, सुमारे ७० अक्षांशावर होता. आज तो आर्क्टिक महासागरात भौगोलिक ध्रुवाच्या बराच जवळ असून सायबेरियाच्या दिशेने सरकत आहे. या शतकाच्या सुरुवातीला त्याचा वेग वर्षाला ५० किलोमीटरच्याही पुढे गेला होता, अलीकडे तो मंदावला आहे. जहाजे, विमाने आणि आपले फोन ज्या जागतिक चुंबकीय प्रतिमानावर अवलंबून असतात, ते दर पाच वर्षांनी नव्याने काढतात. ध्रुवाच्या या घाईमुळे २०१९ साली ते मुदतीआधीच सुधारावे लागले. पुण्यात बसून याचा परिणाम जाणवत नाही, कारण आपण ध्रुवापासून दूर आहोत आणि येथला दिक्पात संथपणे बदलतो.

विमानतळांना मात्र तो मोजावा लागतो. लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीवर १० आणि २८ हे आकडे आहेत. धावपट्टीची चुंबकीय दिशा दहाच्या पटीत घेऊन शेवटचे शून्य सोडले की ते मिळतात. दिक्पात बदलत गेला की कधी ना कधी आकडा बदलावा लागतो. लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळाने २००९ साली आपल्या धावपट्टीचे आकडे याच कारणाने बदलले.

असे संथ बदल ओळखायचे तर एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या मोजत राहावे लागते, आणि हे काम आपल्या राज्यात होत आले आहे याचा अभिमान बाळगावा. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेवरच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहामुळे सुया अस्थिर होणार, हे दिसताच १९०४ साली हे काम अलिबागला, लोखंड टाळून बांधलेल्या वेधशाळेत हलवले. जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी केली. त्या दूरदृष्टीमुळे दीडशेहून अधिक वर्षांची सलग मालिका आज संशोधकांच्या हाती आहे. १८५९ सालच्या सौर वादळाची कुलाब्याची नोंद तर जगभर वापरली जाते.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. दिशा उलटण्याची घटना पृथ्वीच्या इतिहासात अनेकदा घडली आहे, आणि त्याचा एक पुरावा सह्याद्रीतला कातळ आहे हे वर आलेच आहे. शेवटची पूर्ण उलटापालट सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी झाली. दोन उलटापालटींमधले अंतर ठराविक नसते, त्यामुळे ‘वेळ झाली आहे’ असे म्हणण्याला आधार नाही. गेल्या सुमारे पावणेदोनशे वर्षांत मुख्य क्षेत्र नऊ-दहा टक्क्यांनी क्षीण झाले आहे, परंतु असे चढउतार उलटापालट न होताही होत असतात. ती झालीच, तर पूर्ण व्हायला बहुधा हजारो वर्षे लागतात, आणि त्या काळात क्षेत्र दुबळे व गुंतागुंतीचे होऊन सुई वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या दिशा दाखवील. आपण आज विकत घेतलेले होकायंत्र आपल्याला आयुष्यभर उत्तरच दाखवील. त्याच्या जवळ लोखंड येऊ न देणे आणि ते चुंबकाच्या शेजारी न ठेवणे, एवढी काळजी घ्यावी.